प्यादे मागे फिरत नाही



पावसाची झड लागली, वाफसा नाही म्हणून कोळपणी थांबली, की गावोगाव ओसरीवर बुद्धिबळाचा पट निघतो. त्यातले एखादे प्यादे हमखास हरवलेले असते. त्याच्या जागी चिंचोका ठेवून डाव सुरू होतो. हत्ती हरवला तर घरभर शोधाशोध होते. प्याद्यासाठी कोणी जागचे उठत नाही. खेळतानाही तीच तऱ्हा! नवशिक्याचे सारे लक्ष वजिरावर आणि घोड्यावर. काही सुचले नाही की तो एखादे प्यादे पुढे ढकलून देतो. डाव बहुधा तेथेच बिघडतो.

प्रथम घरातला एक नेहमीचा वाद मिटवू. नातू म्हणतो, प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे जाते. आजोबा म्हणतात, एकच. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. जुन्या देशी पद्धतीत प्यादे साधारणपणे एकच घर चाले. आजच्या स्पर्धांच्या नियमानुसार पहिल्या खेळीत एक किंवा दोन घरे जाता येते. देशी पद्धतीवर वाढलेल्या पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी पुढे हे नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटनचे विजेतेपद मिळवले. तेव्हा आजोबांनीही नवा नियम शिकायला हरकत नाही!

प्यादे सरळ चालते, पण मारते तिरके, एक घर पुढे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की ते कधीही मागे येत नाही. घोडा चुकला तर परत आणता येतो. प्यादे मात्र पेरलेल्या बियाण्यासारखे असते. एकदा टाकले की मातीतून वेचून घेता येत नाही. म्हणून पेरणीपूर्वी जसा विचार करता, तसा प्यादे हलवण्यापूर्वी करा.

न केल्यास काय होते ते पाहा. पट मांडा. पांढऱ्याने राजाकडील उंटापुढचे प्यादे एक घर सरकवले. काळ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे आणले. पांढऱ्याने आता राजाकडील घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलले. काळ्याचा वजीर तिरका येऊन पटाच्या कडेला उभा राहिला, की पांढऱ्या राजाला शह आणि मात! दोनच खेळ्यांत डाव संपला. पांढऱ्याचा एकही मोहरा मेलेला नाही. राजाच्या बाजूचे कुंपण त्याने स्वतःच उघडले, एवढेच घडले.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) सुरुवातीस राजापुढचे व वजिरापुढचे प्यादे पुढे घ्या. त्यामुळे पटाचा मध्य ताब्यात येतो आणि उंट व वजीर यांना वाट मोकळी होते. कडेची प्यादी उगीच हलवू नका. राजा कोपऱ्याकडे सुरक्षित नेल्यावर त्याच्या पुढची तीन प्यादी शक्यतो जागची हलवू नका.

२) प्यादी जोडीने ठेवा. एका प्याद्याच्या तिरक्या मागच्या घरात दुसरे असले, म्हणजे पुढच्याला आधार मिळतो. शेजारच्या दोन्ही उभ्या ओळींत आपले प्यादे नसलेले एकटे प्यादे राखण्यात हत्ती-घोडे अडकून पडतात. एकाच उभ्या ओळीत मागेपुढे उभी असलेली दोन प्यादीही एकमेकांना राखू शकत नाहीत. म्हणून दोन प्याद्यांपैकी कोणत्याही एकाने मारता येत असेल, तर बहुतेक वेळा पटाच्या मध्याकडे येईल अशा रीतीने मारावे.

३) एक प्यादे जास्त मिळाले की त्याला क्षुल्लक समजू नका. अशा वेळी मोहऱ्याला मोहरा देऊन पट रिकामा करा, पण आपली प्यादी सांभाळा. पट जितका मोकळा, तितके ते एक प्यादे भारी ठरते.

४) ज्या प्याद्यापुढे त्याच्या व शेजारच्या उभ्या ओळींत शत्रूचे एकही प्यादे उरले नाही, ते मोकळे प्यादे. शेवटच्या ओळीला पोहोचताच ते वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी तुम्ही सांगाल ते होते. आपला पहिला वजीर जिवंत असला तरी दुसरा करता येतो.

पटावर दोन राजे आणि असे एकच प्यादे उरले, तर ते वेळेत पोहोचेल का? हा हिशेब शेताच्या मोजणीसारखा सोपा आहे. प्याद्याचे घर धरून शेवटच्या ओळीपर्यंत घरे मोजा. समजा चार भरली. तितकीच चार घरे शत्रूच्या राजाच्या बाजूला आडवी मोजा. हा झाला चौकोन. शत्रूचा राजा या चौकोनात असेल, किंवा त्याची पाळी असताना आत पाऊल टाकू शकत असेल, तर आपल्या राजाच्या मदतीशिवाय प्यादे वाचणार नाही. तो बाहेर राहिला, तर प्यादे बिनधास्त पळवा. मात्र प्यादे अजून मूळ जागीच असेल, तर पहिली उडी दोन घरांची असते. म्हणून मोजणी त्याच्या पुढच्या घरापासून करा.

अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याने १७४९ साली आपल्या ग्रंथात प्याद्यांच्या मांडणीला जे महत्त्व दिले, ते आजही टिकून आहे.

आता एक घरचा अभ्यास. दोन्हीकडे फक्त राजा आणि आठ प्यादी मांडा. मुलगा-मुलगी दोघांनाही बसवा. ज्याचे प्यादे आधी वजीर होऊन टिकेल, तो जिंकला. असे दहा डाव झाले की प्यादे हातात धरताना मुले आपोआप थबकतील. ते थबकणे हीच खरी शिकवण. मोठ्यांनीही दोन डाव खेळून पाहावेत.