हिशेबाची वही : गाडीचे खालचे काम, लोकल की कंपनीचे?

घरापुढे गाडी उभी असणे ही आपल्या वस्त्यांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणी जुनी अल्टो घेतो, कुणी कर्ज काढून पिवळ्या पाटीची ईको घेतो आणि मंठा-जालना, मंठा-परतूर अशा फेऱ्या करतो, कुणी बोलेरो पिकअपवर भाजीपाला वाहतो. गाडी घेताना सारे घर एकत्र बसते. हप्ता किती, विमा किती, इंधन किती, सगळे कागदावर येते. पण वर्ष-दोन वर्षांनी मिस्त्री गाडीखाली शिरतो आणि म्हणतो, "भाऊ, खालचं काम निघालं. शॉकअप गेले. लोकल टाकू का कंपनीचे?" तेव्हा मात्र घरात कुणाला न विचारता उभ्या उभ्या उत्तर दिले जाते, "टाका लोकल, सध्या भागवा."

या 'सध्या भागवा'ची खरी किंमत किती, हे आज आपण वहीत मांडून पाहू.

प्रथम खालचे काम म्हणजे काय, ते समजून घेऊ. बैलगाडीला स्प्रिंग नसते, म्हणून चाकाला बसलेला प्रत्येक दणका सरळ बसणाऱ्याच्या कमरेला जातो. टांग्याला लोखंडी पाटे आले आणि दणका मऊ झाला. मोटारीतही वजन पेलण्याचे काम स्प्रिंग किंवा पाटेच करतात. अल्टो, ईकोला वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात, तर बोलेरो पिकअपच्या मागे पाटे असतात. परंतु स्प्रिंगचा स्वभाव असा, की एकदा दाबली की ती वर-खाली नाचतच राहते. तिला आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्या असतो. दट्ट्याच्या बारीक वाटांमधून तेल कष्टाने जाते, त्यात झटक्याचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. थोडक्यात, स्प्रिंग ओझे उचलते आणि शॉकअप चाकाला रस्त्यावर टेकवून ठेवतो.

शॉकअप केवळ आरामासाठी असतो, हा गैरसमज येथेच दूर व्हावा. गेलेल्या शॉकअपवर चाक रस्त्यावर उसळत राहते. उसळलेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते. पकड नसली तर ब्रेक कितीही चांगला असो, गाडी थांबायला अधिक अंतर घेते आणि वळणावर बाहेर ओढली जाते.

आपल्या भागात हे भाग लवकर का जातात? आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावर नीट भराव न घालता केलेला डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. त्यात जागोजागी मनमानी गतिरोधक. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण रस्त्यावरचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्याकडे हातभर रुंदीचा उंचवटा म्हणजेच गतिरोधक! मंठ्यात रेल्वे नाही, म्हणून परतूर स्टेशन गाठायचे असो की जालन्याचा दवाखाना, सारा भार रस्त्यावर आणि पर्यायाने गाडीच्या खालच्या कामावर.

याच गाड्या पुढे मोठ्या रस्त्याला लागतात. लग्नाला, बाळंतिणीला आणायला, दीक्षाभूमीवर नागपूरला, गाडी भरून माणसे निघतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो आपल्या जालन्यावरून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावरस्त्यावर तीसच्या वेगाने जो शॉकअप नुसता धक्के देतो, तोच भरलेल्या गाडीत शंभरच्या वेगाला जिवावर बेततो.

मात्र आवाज आला की शॉकअप गेला, असे समजू नये. खड्ड्यात खट् खट् वाजते ते पुष्कळदा लिंक रॉड, बुश किंवा वरचे माउंटिंग असते. हे काम शॉकअपच्या मानाने थोडक्यात होते. म्हणून मिस्त्रीला आधी आवाज कुठला ते दाखवायला सांगावे. शॉकअप गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात. नळीवर तेलाचा ओघळ दिसतो. टायरवरून तळहात फिरवला तर एकाआड एक उंचवटे आणि खळगे लागतात. ब्रेक मारताच गाडी नाकाडावर जाते. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडला तर ती वर येऊन स्थिर व्हायला हवी. दोन-तीन वेळा झुलली तर शॉकअप संपला. पण या दाबून पाहण्यात पूर्ण गेलेलाच शॉकअप सापडतो, अर्धा गेलेला नाही. म्हणून सर्व खुणा मिळून पाहाव्यात.

आता बाजारात काय काय मिळते ते पाहू. लोकल आणि कंपनीचा, असे दोनच प्रकार सांगितले जातात. वास्तविक प्रकार चार आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. सर्वांत महाग. दुसरा, शॉकअप बनवणाऱ्या नामांकित कारखान्याचा, त्याच्या स्वतःच्या नावाने. १९६१ साली स्थापन झालेल्या आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिक व चाकणला कारखाने असलेल्या गॅब्रियलचे नाव प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. मोनरो, केवायबी ही नावेही बाजारात आहेत. असे कारखाने मोटार कंपन्यांना नव्या गाड्यांसाठी माल पुरवतात आणि सुट्या बाजारातही विकतात. पुष्कळदा हा माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो. ही गोष्ट कित्येकांना माहीतच नसते. तिसरा, बिननावाचा किंवा नामांकित नावाची नक्कल केलेला लोकल माल. चौथा, जुन्याच शॉकअपमध्ये तेल भरून, रंग मारून दिलेला.

हा चौथा प्रकार आम्ही कुणालाही सुचवणार नाही. सील बदलले तरी झिजलेला दांडा आणि सैल झालेली आतली झडप तशीच राहते. गॅसचा शॉकअप असेल तर गेलेला गॅस रस्त्याकडेच्या टपरीवर परत भरता येत नाही. तीच गोष्ट स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायच्या रबरी बफरची. त्याने गाडी थोडी उंच उभी राहते, पण स्प्रिंगचा नाच आवरत नाही. ते शॉकअपचे काम नव्हेच.

आता वही उघडू. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. भाव दुकानात विचारावा. समजा, पुढच्या दोन लोकल शॉकअपची किंमत २,४०० रुपये आणि नामांकित कारखान्याच्या जोडीची ४,२०० रुपये. पुढचे काम म्हणजे स्प्रिंग दाबून काढणे आणि परत बसवणे. त्याची मजुरी १,००० रुपये धरू आणि नंतरच्या अलाइनमेंटचे ४०० रुपये. ही मजुरी आणि अलाइनमेंट दोन्ही मालांना सारखीच लागते. म्हणजे लोकलचा एकूण खर्च ३,८०० रुपये झाला आणि चांगल्याचा ५,६०० रुपये. माल पावणेदोनपट महाग, पण एकूण खर्च दीडपटही नाही! उभ्या उभ्या हिशेब करणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते. तो दोन खोक्यांची किंमत तोलतो, कामाची तोलत नाही.

लोकल जोड २०,००० किलोमीटर चालली तर किलोमीटरला १९ पैसे पडले. चांगली जोड ४०,००० चालली तर १४ पैसे. चाळीस हजार किलोमीटरला लोकल दोनदा टाकावी लागेल. म्हणजे ७,६०० रुपये गेले, शिवाय दुसऱ्यांदा गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली त्या दिवसाचा धंदा बुडाला. गेलेल्या शॉकअपवर गाडी हाकून झिजलेले टायर यात धरलेलेच नाहीत. यातून सोपा नियम निघतो. चांगला माल लोकलच्या दीडपट टिकला, तरी तोच स्वस्त.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. महाग ते चांगले, असे म्हणून खर्च वाढवणारेही आहेत. ज्याची गाडी रोज दोन फेऱ्या करते, त्याला वरचा हिशेब पुरेपूर लागू आहे. जिची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालते आणि वर्ष-दोन वर्षांत विकायची आहे, त्या भगिनीने गाडीच्या कंपनीचे महाग खोके घेण्याचे कारण नाही. तिने नामांकित कारखान्याच्या मालात जी साधी श्रेणी असते ती घ्यावी. स्वस्त घेणे वेगळे आणि बोगस घेणे वेगळे. काटकसर करावी ती पहिल्यावरून दुसऱ्या प्रकारावर येऊन. तिसऱ्या-चौथ्यावर घसरून नव्हे.

एका भागात तर काटकसर मुळीच नको. तो म्हणजे लोअर आर्मचा बॉल जॉइंट. शॉकअप हळूहळू जातो, बॉल जॉइंट निखळला तर चाक क्षणात आडवे होते. खालचे काम काढलेच आहे तर तो हलवून पाहायला सांगावा आणि ढिला असेल तर चांगल्या नावाचाच टाकावा.

हातात पैसेच कमी असले तर काय करावे? चारही शॉकअप एकदम बदललेच पाहिजेत असे नाही. पण एका बाजूचा कधीही बदलू नये. पुढचे दोन किंवा मागचे दोन अशी जोडीच बदलावी, नाहीतर डावे-उजवे चाक सारखे वागत नाही. जी जोड अधिक गेली असेल ती आता चांगल्या मालाची टाकावी आणि दुसरी दोन-तीन महिन्यांनी. चार लोकल एकदम टाकण्यापेक्षा दोन चांगले आधी टाकलेले बरे. तोवर वेग आणि ओझे कमी ठेवावे, सातच्या गाडीत अकरा बसवू नयेत. पुढची जोड बदलताना धुळीचे रबरी बूट, आतले बफर रबर आणि माउंटिंग पाहून घ्यावे. फाटलेल्या बुटातून धूळ शिरली की नव्या शॉकअपचे सीलही लवकर जाते. आणि काम होताच अलाइनमेंट करून घ्यावे, ते वाचवून नवे टायर खाऊ देऊ नयेत.

शेवटची गोष्ट पावतीची. "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल," असे दुकानदार म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. तेव्हा पक्क्या बिलाचा बोजा आता पूर्वीइतका नाही. बिल नसेल तर वॉरंटी नाही आणि तक्रारीला पुरावाही नाही. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली आहे का, ते पाहावे. बिलावर गाडीचा नंबर आणि मीटरचे किलोमीटर लिहून घ्यावेत. जुने शॉकअप डोळ्यांदेखत काढलेले पाहावेत.

माल बोगस निघाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. 'तुझी गाडी धंद्याची, तू ग्राहक नव्हेस,' असे कुणी म्हटले तर ऐकू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो, असे कायद्यातच लिहिले आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मिस्त्रीने "लोकल टाकू का कंपनीचे?" असे विचारले, तर लगेच उत्तर देऊ नका. चारही प्रकारांचे भाव, मजुरी आणि वॉरंटी एका कागदावर लिहून घ्या. तो कागद घरी न्या आणि ज्या घराने बसून गाडी घेतली, त्याच घराला बसून हा निर्णय घेऊ द्या. मागच्या सीटवर तेच बसणार आहेत.