बाटलीवरचे शेतकऱ्याचे नाव

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक नवे सदर स्थिरावले आहे. एखाद्या पेय-वितरक कंपनीने कोणती नवी वाईन बाजारात आणली, ती कोणत्या डोंगरउतारावरच्या द्राक्षांची, गोव्यातील कोणत्या छोट्या भट्टीतून कोणती 'क्राफ्ट जिन' आली, ती कोणत्या माशाबरोबर घ्यावी, याची रसभरित वर्णने तेथे बातमी म्हणून छापली जातात. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे; दूरचित्रवाणीवरही ती २००० सालापासून बंद आहे. बातमीला मात्र मनाई नाही. पुढच्या दाराशी अडविलेली जाहिरात बातमीचा अंगरखा घालून मागच्या दाराने घरात येते आणि आपण ती सकाळच्या चहाबरोबर वाचतो.

यातला 'क्राफ्ट' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. क्राफ्ट म्हणजे हाताची कारागिरी. हाताने, थोड्या प्रमाणात, भट्टी लावून काढलेल्या दारूला मराठीत एक जुना शब्द आहे : हातभट्टी. ती लावणाऱ्यावर पोलिसांची धाड पडते, गूळ आणि नवसागराचे रसायन गटारात ओतले जाते, माणूस तुरुंगात जातो. ते योग्यच आहे. २०१५ साली मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे कोण विसरेल? पण मोहाची फुले गोळा करून साठविण्यासाठी आदिवासींना २०२१ पर्यंत अबकारी निर्बंधांचा जाच सोसावा लागला आणि त्याच फुलांचे पेय आज सुबक बाटलीतून 'वारसा' म्हणून विकले जाते, तेव्हा कारागिरीचा मान कोणाला मिळतो, हे विचारणे भाग आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बोंडू तुडविणाऱ्या कुटुंबांच्या पिढीजात कौशल्याची त्यामुळे काही दखल घेतली गेली, हे मान्य. एरवी मात्र 'क्राफ्ट' हे हातभट्टीचे श्रीमंत घरचे नाव आहे.

जालना जिल्ह्यातील परतूरसारख्या तालुक्याच्या गावी हे सारे दूरच्या शहरांचे चोचले वाटतील. तसे ते नाहीत. कारण या व्यापाराची वकिली ज्या शेतकऱ्याच्या नावाने केली जाते, तो परतूरच्या शेतकऱ्याचा भाऊबंद आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १०० चौरस मीटर क्षेत्राच्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटातून वाईन विकण्यास परवानगी देण्याचे ठरविले. कारण सांगितले गेले ते द्राक्ष उत्पादकाच्या हिताचे. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही सत्ताधाऱ्यांकडून सांगण्यात आले. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागविल्या आणि निर्णय लांबणीवर पडला. पुढे सरकारही बदलले. परंतु विचार बदलला नाही. २०२२ साली ज्या पक्षाने विरोधी बाकांवरून या निर्णयावर टीकेची झोड उठविली, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरली आणि धान्यापासून बनविलेल्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराला मान्यता दिली. सत्तेत कोणीही असो, तिजोरीची तहान एकच.

शेतकऱ्याचे हित खरोखर साधते काय? २००१ सालच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाईन उद्योगाला सवलती दिल्या आणि अनेकांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाईनच्या जाती लावल्या. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घसरली. नारायणगावची नामांकित इंडेज कंपनी कर्जाखाली कोसळली. वाईनच्या द्राक्षाला दुसरे गिऱ्हाईक नसते. ते ना बाजारात खाण्यासाठी खपते, ना त्याचा चांगला बेदाणा होतो. कारखान्याने पाठ फिरविताच कित्येकांनी आपल्याच हाताने बागांवर कुऱ्हाड चालविली. ज्या शेतकऱ्याला वाचवायचे होते, त्याला एकाच खरेदीदाराच्या दावणीला बांधण्यात आले होते.

आणि परतूरच्या शिवारात वाईनचे द्राक्ष आहेच कोठे? येथे कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मोसंबीचा रस काढणाऱ्या कारखान्यासाठी मंत्रिमंडळ कधी असे उतावीळ झाल्याचे दिसले नाही. ज्वारीची आठवण मात्र झाली. २००७ साली ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण सरकारने आखले, डॉ. अभय बंग आदींनी त्याला कडाडून विरोध केला. भाकरीच्या ज्वारीला रास्त भाव देताना ज्याचे हात आखडतात, ते शासन दारूच्या ज्वारीसाठी तिजोरी उघडते, हा न्याय कोणता?

'वाईन म्हणजे दारू नव्हे' या विधानाचा निकाल साध्या गणिताने लागतो. वाईनमध्ये मद्यार्क साधारण १२ टक्के असतो; १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात तो १८ मिलिलिटर भरतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो १३ मिलिलिटरही भरत नाही. यकृत बाटलीवरचे लेबल वाचीत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

येथे आपल्या, ख्रिस्ती घरांच्या, दाराशी प्रश्न येतो. 'तुमच्यात तर चालतेच, तुमच्या चर्चमध्येही वाईन असते,' हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? हिंदी चित्रपटांनी पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती माणसाच्या हाती बाटली दिली. खेद याचा, की आपणही ती खाली ठेवण्याऐवजी हसून उंचावली. कानागावच्या लग्नाचा दाखला देऊन आपल्या लग्नघरी मांडवामागे काय चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. वेदीवरचा द्राक्षारस शुद्ध द्राक्षांचा असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. त्यात पाण्याचा थेंब मिसळला जातो आणि तो अर्पणासाठी असतो, नशेसाठी नव्हे. ख्रिस्तसभा मद्याला पाप म्हणत नाही, अतिरेकाला म्हणते, हे खरे. पण १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरात संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ उभारून लक्षावधींना शपथ देणारे फादर थिओबाल्ड मॅथ्यू, किंवा १८९८ साली डब्लिनमध्ये 'पायोनियर' संघटना स्थापणारे फादर जेम्स कलन, हे दोघेही वेदीवर चषक उचलणारे धर्मगुरूच होते. चषक आणि बाटली यांतला भेद त्यांना कळत होता. आपल्याला तो कळत नाही, असे म्हणायचे काय?

तेव्हा करावे काय? वितरकाची बातमी ही जाहिरात आहे, हे मुलांना सांगावे. विवाहाच्या व स्नानसंस्काराच्या मेजवानीतून बाटली हद्दपार करावी. पाहुणे रुसले तर रुसू द्यावेत. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी बाटली' केली की दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद २००८ पासून राज्यात आहे. गावात असे मतदान होईल तेव्हा ख्रिस्ती स्त्रियांनी रांगेत पुढे असावे. किराण्याच्या कपाटात साखरेशेजारी वाईन ठेवण्याचा घाट पुन्हा घातला गेला, तर प्रत्येक धर्मग्रामाने आपली हरकत लेखी पाठवावी, आणि तीत एक वाक्य ठळक लिहावे : दारूच विकायची असेल तर ती सरकारने आपल्या नावाने विकावी. शेतकऱ्याच्या नावाने नको आणि आमच्या वेदीच्या नावाने तर नकोच नको.