वात आणि वाताहत

आमच्या डिंगोऱ्यात समईची वात वळायला कुणी शिकवणी लावत नाही. पण ई-सिगारेटची वात जमावी म्हणून नवशिके म्हणे रात्री जागवतात! असतं काय त्यात? विजेच्या शेगडीतली तीच नायक्रोमची तार, अन् तिच्यात ओवलेला कापूस. वात घट्ट बसली तर रस चढत नाही, सैल राहिली तर गळतो, कोरडी पडली की करपते. यातलं निम्मं कुठल्याही आजीबाईला पाठ! सरकारनं २०१९ साली या यंत्रांची विक्री कायद्यानं बंद केली, बरंच केलं. माझं भांडण निराळंच आहे. शेगडीची तार तुटली की अख्खी शेगडी भंगारात घालणारे हात, झुरक्यासाठी मात्र एवढे कसबी होतात कसे? बाबांनो, वाती खुशाल वळा; पण त्या देवापुढे लावा, छातीत नकोत!