बुद्धाच्या देशात नव्वद दिवसांचा पाहुणा

थायलंड म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सोनेरी विहार उभे राहतात. पहाटे भिक्षापात्र घेऊन निघालेले भिक्खू दिसतात. आपल्या गावोगावच्या विहारांतील अनेक बुद्धमूर्ती थायलंडच्या उपासकांनी दान दिलेल्या आहेत, म्हणून या देशाविषयी आपल्याला आपुलकी वाटते. नांदेडला गावी गेलो की समाजबांधव मला म्हणतात, "तुम्ही भाग्यवान! बुद्धाच्या देशात राहता. तिथे जातपात नाही. मुले आपोआप धम्माच्या संस्कारात वाढतील." बोलणाऱ्यांचा भाव चांगला असतो. म्हणून 2014 पासून मी नुसती मान डोलावत आलो. परंतु चळवळीच्या माणसाने सत्य झाकून ठेवू नये. त्या वाक्यात किती खरे आणि किती स्वप्न आहे, हे आज लिहिलेच पाहिजे.

मी बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकान प्रांतात मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात विद्युत अभियंता आहे. पत्नी बी.एड. झालेली आहे. मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली, मुलगा 2019 साली इथेच जन्मला. आंतरराष्ट्रीय शाळेची फी आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून दोन्ही मुले साध्या थाई खाजगी शाळेत जातात.

आधी खरे तेवढे कबूल करू. या देशात मला माझ्या आडनावाचे ओझे वाटत नाही. थायलंडमध्ये आडनाव लावण्याचा कायदाच 1913 साली राजा वजिरावुध यांच्या काळात झाला. त्यापूर्वी सामान्य माणसाला आडनाव नव्हते. आजही माणसाला पहिल्या नावाने हाक मारतात आणि आदरासाठी नावापुढे 'खुन' लावतात. इतक्या वर्षांत मुलांच्या शाळेत कोणीही आडनाव विचारून पुढचा हिशेब मांडला नाही. पहाटे गल्लीत भिक्खू येतात, माझी मुले त्यांच्या पात्रात भात ठेवतात. हा भात कोणाच्या घरचा, असे भिक्खू विचारत नाहीत. ज्या माणसाच्या आजोबांना पाणवठ्यावर घागर लावू दिली नाही, त्याला या साध्या गोष्टीची किंमत कळते.

भाषाही परकी वाटत नाही. पहिली ते सहावी म्हणजे 'प्रथोम', पुढचे वर्ग 'मथ्थयोम'. प्रथम आणि मध्यम हे आपलेच शब्द. शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, म्हणजे गुरू. मुलाच्या जन्मदाखल्यावर साल आहे 2562, कारण इथले सरकारी साल बुद्धवर्ष आहे. आपल्याकडे बुद्धजयंतीचे 2500 वे वर्ष 1956 साली साजरे झाले, त्यांचे 2500 वे वर्ष 1957 साली आले. एवढाच काय तो एका वर्षाचा फरक!

मग मुले आपोआप धम्माच्या संस्कारात वाढतात काय? नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची पहिली प्रतिज्ञा दिली. त्याच 1956 साली बँकॉकच्या राचप्रसोंग चौकात एका हॉटेलच्या आवारात ज्योतिषाच्या सल्ल्याने ब्रह्मदेवाची मूर्ती बसवली गेली. आज एरावान देवस्थान म्हणून तिथे नवस बोलणाऱ्यांची रांग असते. इथे अंगणाअंगणात खांबावर भूमिदेवतेचे छोटे घर असते, त्यापुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली असते. मुलगी दुसरीत असताना तिने विचारले, "बाबा, आपल्या अंगणातल्या छोट्या घराची पूजा आपण का करत नाही? घरमालकीणबाई तर रोज करतात." तिला बावीस प्रतिज्ञांचा अर्थ समजावून सांगताना घाम फुटला. इथे भिक्षुणीसंघाचा प्रश्नही आहे. स्त्रियांना प्रव्रज्या देऊ नये हा संघप्रमुखांचा 1928 सालचा आदेश अजून मागे घेतलेला नाही. ज्या बाईला भिक्षुणी व्हायचे तिला श्रीलंकेसारख्या देशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागते.

यात थाई जनतेची निंदा नाही. सांगायचे एवढेच की बुद्धाची मूर्ती पाहून मूल बुद्धिवादी होत नाही. आमच्या घरी दर रविवारी वंदनेनंतर मराठीत बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग सांगितला जातो. 14 एप्रिलला इथे सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची सुट्टी असते. 13 ते 15 एप्रिल सारा देश रस्त्यावर एकमेकांवर पाणी उडवतो. आमची मुले सकाळी बाबासाहेबांच्या प्रतिमेला फूल वाहतात आणि मग पिचकारी घेऊन पळतात. पाण्याच्या या सणाच्या दिवशी मी त्यांना चवदार तळ्याची गोष्ट सांगतो. ही गोष्ट इथल्या शाळेत कोणी सांगणार नाही. ते काम आईबापांचेच.

आता दुसरे वाक्य : "तिथे जातपात नाही." मुलगी चौथीत असताना रडवेली होऊन घरी आली. वर्गातल्या मुलांनी तिला 'खेक' म्हणून चिडवले होते. खेक म्हणजे पाहुणा. पण हा शब्द भारतीयांना, अरबांना, मलायी मुसलमानांना, थोडक्यात सावळ्या परक्या माणसाला लावला जातो. गोऱ्या माणसासाठी वेगळा शब्द आहे, 'फरांग'. साप आणि खेक एकदम भेटले तर आधी खेकला मारा, अशी एक जुनी म्हण इथे आहे. अर्थात सगळे थाई असे वागत नाहीत. वर्गशिक्षिकेने दुसऱ्या दिवशी त्या मुलांना समज दिली. पण मुलीच्या मनात प्रश्न राहिला : "मी इथेच वाढले, मग मी पाहुणी कशी?"

तिचा प्रश्न शाळेपुरता नाही, कायद्याचा आहे. आम्हाला दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते इमिग्रेशन कचेरीला कळवावे लागते. आता ही नोंद संगणकावरूनही होते, पण तारीख चुकली तर दोन हजार बाट दंड. मुक्कामाचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यायचा, प्रत्येकाचे 1,900 बाट. पत्नीचा परवाना माझ्या नोकरीला बांधलेला आहे. स्वतंत्र कामाचा परवाना मिळाल्याशिवाय तिने शिकवले तर तो गुन्हा. बी.एड. झालेली बाई घरी बसून आहे. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. कायम वास्तव्याचा परवाना एका देशाच्या जास्तीत जास्त शंभर माणसांना वर्षाला मिळतो, आणि त्याची फी एक लाख 90 हजार बाटच्या वर आहे. मुलगा इथे जन्मला तरी आईबाप दोघेही परदेशी आणि तात्पुरत्या परवान्यावरचे, म्हणून तो थाई नागरिक नाही. 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली तरच त्याचे भारतीय नागरिकत्व सरळ मिळते. एक वर्ष गेले की दिल्लीची परवानगी लागते. परदेशात जाणाऱ्या आपल्या तरुण जोडप्यांनी हे लिहून ठेवावे. बारशाची तारीख मागेपुढे झाली तर बिघडत नाही, ही तारीख चुकवू नका.

या कागदांतच एक उतरंड लपलेली आहे. नोकरीवर मुक्काम वाढवायचा तर किमान पगार किती हवा, हे इमिग्रेशन खात्याच्या 2014 च्या आदेशात देशानुसार ठरवले आहे. पश्चिम युरोप, अमेरिका, जपानच्या माणसाला महिना 50 हजार बाट. भारतीयाला 35 हजार. म्यानमार, कंबोडिया, लाओस, व्हिएतनामच्या माणसाला 25 हजार. ही किमान रक्कम आहे, कोणी जास्त दिले तर आडकाठी नाही. पण कोणत्या देशाच्या माणसाची किंमत किती, हे त्यातून कळतेच. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिची आठवण मला तो तक्ता पाहून झाली. आणि श्रेणीबद्ध विषमतेचा गुण असा की मधल्या पायरीवरचा माणूस वरच्याविरुद्ध बोलत नाही, कारण त्याच्या खाली आणखी कोणीतरी असतो.

हा गुण मी माझ्यातच पाहिला. आमच्या गल्लीच्या टोकाला इमारतीचे बांधकाम चालू होते. शेजारी पत्र्याच्या खोल्यांत म्यानमारचे मजूर राहत. त्यांतल्या एका गवंड्याचा मुलगा माझ्या मुलाबरोबर चेंडू खेळायला येई. एका रविवारी एका भारतीय कुटुंबाकडे जेवायला गेलो. आधी तिथे "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" हे झालेच. थाई माणसाने जे कधी विचारले नाही ते आपल्या माणसाने पहिल्या घासाला विचारले. मग यजमान म्हणाले, "त्या बर्मी मजुरांच्या पोरांत मुलाला कशाला खेळू देता? रोगराई असते." माझ्या वडिलांना गावात हेच ऐकावे लागले होते : "त्या वस्तीतल्या पोरांत खेळू नको." शब्द तेच, फक्त वस्ती बदलली होती. आणि मी, बाबासाहेबांचा अनुयायी, ताटाकडे बघत गप्प बसलो! घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "आज तुम्ही बोलायला हवे होते." ती खरे बोलली.

डिसेंबर 2020 मध्ये समुत साखोन प्रांतातील कोळंबीच्या बाजारात कोरोनाची साथ पसरली, तेव्हा म्यानमारच्या मजुरांच्या वस्तीभोवती काटेरी तारा लावल्या गेल्या. ज्यांनी सोललेली कोळंबी सारे जग खाते, त्यांनाच रोगाचे मूळ ठरवले गेले. त्याच वर्षी आमच्या कारखान्यातील एका भारतीय सहकाऱ्याची नोकरी गेली. नोकरीबरोबर त्याच्या कुटुंबाचा मुक्कामाचा आधारही गेला आणि त्याच्या मुलीला शाळेचे वर्ष अर्धवट टाकून परतावे लागले. त्या दिवशी कळले की पत्र्याची खोली आणि माझे भाड्याचे घर यांच्यामध्ये फक्त एका नोकरीचे अंतर आहे.

मात्र याच देशाने काही चांगले कायदेही केले, हे नमूद केले पाहिजे. कागदपत्रे नसलेल्या मुलालाही शाळेत घ्यावे, असा निर्णय थाई मंत्रिमंडळाने 2005 साली केला. 2008 च्या दुरुस्तीनंतर थायलंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाला, आईबाप कोणीही असोत, जन्मदाखल्याचा हक्क मिळाला. 2018 साली थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. सारे जग त्यांच्यासाठी जागले. त्यांतील तीन मुले आणि प्रशिक्षक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते, हे तेव्हा जगाला कळले. त्यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थाई नागरिकत्व मिळाले. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे 4 लाख 83 हजार बिननागरिक लोकांचा कायम वास्तव्याचा आणि नागरिकत्वाचा मार्ग सोपा करण्याचा निर्णय घेतला. अंमलबजावणी कशी होते ते पाहावे लागेल. कागदावर हक्क असूनही बांधकामावरची अनेक मुले शाळेबाहेर आहेत, हे मी रोज पाहतो. परंतु मूल शाळेत बसते ते कोणाच्या करुणेमुळे नव्हे, कायद्याने तसे सांगितले म्हणून, एवढे यातून स्पष्ट होते.

इथेच बाबासाहेबांचे मोठेपण मला परदेशात राहून नव्याने समजले. त्यांनी आपल्याला नुसता धम्म दिला नाही आणि नुसते संविधानही दिले नाही. दोन्ही दिले. संविधानाचे कलम 14 उघडून पाहा. त्यात कायद्यापुढे समानतेचा हक्क 'नागरिकाला' दिलेला नाही, 'व्यक्तीला' दिलेला आहे. कलम 21 मधील जीविताचे संरक्षणही प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणजे भारताच्या भूमीवर उभा असलेला परका माणूससुद्धा त्या छत्राखाली येतो. मी इथे ज्या हक्काची वाट पाहतो, तो आपल्या संविधानाने परक्याला 1950 सालीच देऊन ठेवला आहे. मग पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला घर भाड्याने देताना आपण त्याचा रंग पाहतो काय? आपल्या शहरात पोटासाठी आलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलाला आपण कोणत्या नजरेने पाहतो? ज्या समाजाने गावकुसाबाहेरचे जगणे भोगले, त्याने तरी नवे गावकूस उभारू नये.

मुलीच्या प्रश्नाला मी शेवटी असे उत्तर दिले : "तू पाहुणी नाहीस. तुझा कागद अजून पाहुण्याचा आहे. कागद बदलायला वेळ लागतो, पण माणसाने माणसाला पाहुणा म्हणून हिणवू नये, हे आजपासून करता येते." तिला किती कळले ठाऊक नाही. पुढच्या रविवारी गवंड्याचा मुलगा आमच्या घरी जेवायला होता. वंदनेला तोही हात जोडून बसला. त्याच्या पाली उच्चारांना माझी मुले हसली आणि आमच्या उच्चारांना तो हसला. पुढे इमारत पूर्ण झाली, पत्र्याच्या खोल्या निघाल्या आणि ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. कुठे, ते आम्हाला कळले नाही.

बांधवांनो, थायलंडला अवश्य या. विहार पाहा, भिक्खूंना वंदन करा. पण परत जाताना पत्र्याच्या खोल्याही पाहून जा. बुद्धाचा देश नकाशावर आयता मिळत नाही. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेने तो आपल्या घरात आणि आपल्या कायद्यात आपल्यालाच घडवावा लागतो. जयभीम!