डिस्चार्ज झाल्यावर जावयाचे कोठे?

रुग्णालयातून माणसाला घरी पाठविताना जे कार्ड त्याच्या हाती देतात, त्याच्या तळाशी डॉक्टरांनी घाईघाईने लिहिलेल्या काही सूचना असतात: जखम कोरडी ठेवावी, एक दिवसाआड ड्रेसिंग करावे, पायावर भार देऊ नये, गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवावे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या सूचना निर्दोष आहेत. परंतु ज्याच्या हाती हे कार्ड पडते तो मनुष्य जर साठी उलटलेला, मधुमेहापायी एक पाय गुडघ्याखाली गमावून बसलेला आणि स्टेशनाबाहेरच्या फुटपाथावर पथारी टाकणारा असेल, तर त्यांतली एकही त्याला पाळता येण्यासारखी नसते. जखम कोरडी ठेवावी तर डोक्यावर छप्पर नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी तर जेवण केव्हा मिळेल हे वडापावच्या गाडीवाल्याच्या मर्जीवर अवलंबून. आणि इन्सुलिनची बाटली गारव्यात ठेवावी तर तो गारवा वैशाखात फुटपाथावर कोठून आणावा? मग महिना-दोन महिन्यांत तोच मनुष्य तीच जखम चिघळवून पुन्हा त्याच वॉर्डात दाखल होतो, या खेपेस पाय मांडीपासून काढावा लागतो, आणि रुग्णालयाच्या दप्तरी दोन शस्त्रक्रियांची नोंद होते, दोन्ही यशस्वी.

घर आणि औषध या दोन निराळ्या गरजा आहेत आणि त्या निराळ्या खात्यांनी निराळ्या अर्जांवर भागवावयाच्या आहेत, ही जी आपल्या राज्यकारभाराची समजूत होऊन बसली आहे, तीच अशा माणसाच्या जिवावर उठते असे माझे मत आहे. निराधार आणि अपंग वृद्धाच्या बाबतीत निवारा हा उपचाराचाच भाग होय, आणि त्याचा खर्चही उपचाराच्याच खात्यातून झाला पाहिजे.

हा विचार नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले, त्यांच्याच दातृत्वातून याच शहरात निराश्रित, वृद्ध आणि पंगू लोकांसाठी एक स्वतंत्र गृहही उभे राहिले. आज नव्या पेठेतून जाताना आपण जिला ‘निवारा’ या नावाने ओळखतो ती हीच संस्था. रुग्णालय बांधून देणाऱ्याला, तेथून बरा होऊन बाहेर पडलेला मनुष्य जाईल कोठे, हा प्रश्न पडला असावा, असे या दोन देणग्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे वाटते. गाडगेबाबांनी तर विद्यापीठाची पायरी न चढता हे ओळखले होते. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात धर्मशाळा उभारली ती देवदर्शनासाठी आलेल्यांकरिता नव्हे. खेड्यातून आलेला रोगी आणि त्याच्या संगतीचे माणूस रस्त्यावर निजू नये एवढ्याकरिता. आज आपण स्वच्छतेच्या मोहिमेला त्यांचे नाव देतो. रुग्णालयाशेजारी छप्पर हवे ही त्यांची अक्कल मात्र सोयीस्करपणे विसरतो.

आजची व्यवस्था निर्दय आहे असे कोणी म्हणू नये. 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यातील अपंग लाभार्थ्यांचे दरमहा अनुदान 2025 मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्यात आले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राचे निराळे कार्डही मिळते. पण या प्रत्येक दारावर एकच पहारेकरी उभा आहे, आणि तो म्हणजे पत्ता. निराधार योजनेच्या अर्जास महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, वयाचा दाखला लागतो, आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र किमान 40 टक्क्यांचे लागते. ज्याचे उत्पन्नच नाही त्याने ते नसल्याचा दाखला कोणत्या तलाठ्याकडून आणावा? तलाठी गावचा असतो. हा मनुष्य तर गाव सोडून वीस वर्षे शहराच्या पुलाखाली आहे.

अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या उशाखालची प्लॅस्टिकची पिशवी उघडून पाहावी. तीत भिजून घड्यांवर फाटलेले आधार कार्ड निघते आणि त्यावर पत्ता निघतो तो मोडलेल्या चाळीचा; भावाच्या नावे असलेल्या रेशनकार्डाची झेरॉक्स निघते, ज्यातून याचे नाव केव्हाच कमी झालेले असते; दोन वर्षांपूर्वीचे केसपेपर, एक्स-रेची वाकलेली फिल्म, आणि कोणा कार्यकर्त्याने भरून दिलेला, परंतु सहीशिक्क्यावाचून राहिलेला अर्ज निघतो. हा माणूस आळशी नाही. त्याने प्रत्येक खिडकीपाशी हेलपाटे घातले आहेत, कुबड्या घेऊन घातले आहेत. आणि सगळे जमून अनुदान सुरू झालेच, तरी वर्षाकाठी स्वतः हजर राहून आपण जिवंत असल्याचा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तेथे मजुरीने वा कुष्ठरोगाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, आणि समोर बसलेला मनुष्य कागदोपत्री काही महिने मरून राहतो.

आता अडीच हजारांचा हिशेब पाहू. शहरात ‘कॉट बेसिस’वर एक खाट मिळवावयाची तर भाड्याआधी डिपॉझिट, डिपॉझिटाआधी एजंटाची दलाली, आणि या साऱ्याआधी घरमालकाची मर्जी, आणि एकट्या, लंगड्या, आजारी म्हाताऱ्याला खाट देण्यास मालक राजी होत नाही, कारण ‘उद्या याचे काही बरेवाईट झाले तर निस्तरायचे कोणी?’ हा त्याचा प्रश्न स्वार्थी असला तरी खोटा नसतो. वृद्धाश्रमांच्या नियमावलीत ‘प्रवेशार्थीस स्वतःचे दैनंदिन व्यवहार स्वतः करता आले पाहिजेत’ असे एक कलम बहुधा असतेच. ज्याला ते करता येतात त्याला आश्रमाची गरज कमी, आणि ज्याला गरज आहे तो या कलमापाशी अडतो. पालिकेचे रात्रनिवारे आहेत, परंतु त्यांची कल्पना मुळात दिवसभर कष्ट करून रात्री पाठ टेकणाऱ्या धडधाकट माणसासाठी आहे. सकाळी बाहेर पडण्यासाठी ज्याला दुसऱ्याचा खांदा लागतो, त्याला तेथे दुपार काढता येत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर चित्र अधिकच चमत्कारिक दिसते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असे गृह उभारण्याची तरतूद आहे, परंतु ती राज्याच्या मर्जीवर सोडलेली आहे. उलटपक्षी, जुन्या मुंबई राज्याने 1959 साली केलेल्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात आंधळ्या, पांगळ्या आणि कायमच्या असहाय भिकाऱ्याला अनिश्चित काळपर्यंत डांबून ठेवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे आवर्जून ठेवला. अपंग निराधाराला छप्पर देण्याची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात अधिक ठामपणे लिहिली गेली ती त्याला पकडून नेण्याच्या निमित्ताने, हे वाचताना मान खाली जाते.

आपण सामान्य लोकही या बाबतीत फारसे शहाणे नाही. वर्तमानपत्रात एखाद्या गरिबाच्या शस्त्रक्रियेची बातमी छापून आली की आठ दिवसांत लाख रुपये जमतात, कारण शस्त्रक्रियेत एक नाट्य असते, एक शेवट असतो, आणि देणाऱ्याला आपल्या पैशाने पाय वाचल्याचे समाधान मिळते. तोच पाय पुढे टिकावा म्हणून तीन महिन्यांचे भाडे आणि दोन वेळची पोळीभाजी मागितली तर पाकीट खिशातच राहते. भाडे हे महिन्या महिन्याने द्यावे लागते आणि त्याचा फोटो काढता येत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांवर, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार, 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन आहे, आणि एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी आज खाटेवर असलेल्या रुग्णाच्या उपचारावर खर्च होतो. न्यायालयाची संमती घेऊन त्या योजनेत एवढीच दुरुस्ती करावी की, ज्या निर्धन रुग्णास जावयास घर नाही त्याचा डिस्चार्जनंतरचा किमान तीन महिन्यांचा निवास, आहार आणि ड्रेसिंग हा उपचाराचा खर्च समजण्यात यावा, आणि तो पैसा रुग्णाच्या हाती न देता जी संस्था त्याला ठेवून घेईल तिला परस्पर अदा व्हावा. शहरात बंद पडत आलेल्या धर्मशाळा आहेत, ट्रस्टांची रिकामी सभागृहे आहेत, तळमजल्याच्या खोल्या आहेत. दरमहा नियमित येणारा पैसा दिसला तर त्यांतल्या काहींची दारे उघडतील.

दुसरी गोष्ट पत्त्याची. ज्याच्यापाशी कागद नाहीत त्याला परिचयकर्त्यामार्फत आधार कार्ड देण्याची सोय आधार योजनेत आरंभापासून आहे. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद आहे. या पदावरची माणसे आज शेकडो रुग्णांच्या अर्जांखाली दबून गेलेली असतात, तरी हे काम नेमके कोणाचे असे विचारले तर ते त्यांचेच. त्यांची संख्या वाढवावी, डिस्चार्जच्या आधीच निवासाची सोय झाली की नाही याची खातरजमा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी, आणि त्यांनी दिलेला निवाऱ्याचा पत्ता तहसील कचेरीने, रेशन दुकानाने आणि बँकेने बिनबोभाट ग्राह्य धरावा, असा हुकूम निघण्यास काही अडचण असू नये. मुलगा असूनही टाकून दिलेल्या वृद्धाच्या वतीने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे पोटगीचा अर्ज एखादी संस्था करू शकते, किंवा न्यायाधिकरण स्वतः होऊन दखल घेऊ शकते, ही तरतूदही 2007 च्या कायद्यात आहे. तिचा वापर करावयाचा तर मुलाचा ठावठिकाणा विचारून लिहून घेणारे कोणी तरी खाटेशेजारी असले पाहिजे.

यावर दोन आक्षेप निश्चित येतील. पहिला असा की, अशी सोय झाली तर खेड्यापाड्यांतून लोक शहरातल्या रुग्णालयांकडे लोटतील. परंतु गुडघ्याखाली पाय कापून घेऊन कोणी फुकटच्या खोलीसाठी रांगेत उभा राहात नाही, आणि सोय निर्धन रुग्णापुरतीच असल्याने तिची सीमाही आखलेली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तीन महिने संपल्यावर काय? ज्याची जखम भरली, जयपूर फूट बसला, अनुदान सुरू झाले, असे काही जण खाटेचे भाडे देऊन कोठे तरी टेकतील, कोणी पानपट्टीवर बसेल, कोणी वॉचमनच्या कोठीत राहील. जे राहूच शकणार नाहीत, ज्यांना अखेरपर्यंत दुसऱ्याचा हात लागणार आहे, त्यांच्यासाठी त्या 150 जणांच्या जिल्हागृहाला पर्याय नाही, आणि तेथे मात्र विश्वस्तांच्या 2 टक्क्यांनी भागणार नाही. तो खर्च राज्याने आपल्या अर्थसंकल्पात दरवर्षी धरला पाहिजे.