दारापासून दारापर्यंत

परवा मावशीला दिल्लीच्या विमानासाठी नाशिकजवळच्या ओझरला सोडायला गेलो. मांडीवर चिवड्याची पिशवी सांभाळत तिनं विचारलं, "किती वेळ लागेल रे?" मी म्हटलं, दोन तास. ओझर ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर, तेव्हा उत्तर बरोबरच होतं. पण ते विमानाचं होतं, मावशीचं नव्हे. गेल्या वर्षी ती मुंबईहून गेली, तेव्हा पहाटे तीनला उठली होती. कसारा घाट, पुढे भिवंडीची कोंडी, सुजलेले पाय. मुंबईचा विमानतळ ओझरपासून हवेतून जेमतेम 160 किलोमीटर, पण रस्त्यानं तेवढ्याच टप्प्याला दिल्लीच्या उड्डाणाच्या दुप्पट वेळ गेला. प्रवास दारापासून दारापर्यंतच मोजला पाहिजे. 2017 च्या अखेरीस उडान योजनेत सुरू झालेलं नाशिक-मुंबई विमान टिकलं नाही. तसंही इतक्या जवळ जायला विमानतळावर ताटकळण्यातच वेळ जातो. दिल्ली, हैदराबादचं तसं नाही. मिग विमानं बांधण्यासाठी उभारलेल्या कारखान्याची ही ओझरची धावपट्टी साठच्या दशकापासून आपल्या उशाशी आहे, प्रवाशांसाठी नवं टर्मिनल मात्र 2014 साली उभं राहिलं. इतकी वर्षं आपण घाट उतरत राहिलो. आता तिकीट काढताना पाचशे-हजार रुपयांचा फरक दिसला, तर मुंबईपर्यंतच्या गाडीचं भाडं, टोल आणि मोडलेली झोपही त्यात धरा. आणि ओझरहूनच जा. विमानं भरली, तरच ती राहतील.