आवाज वाढवून सोनं सापडत नाही

भुसावळच्या भाच्याचा फोन आला, तो थेट मुद्द्यावर. "मामा, सगळ्यात खोल जाणारं मशीन कोणतं?" २०२५ च्या मार्चमध्ये 'छावा' चित्रपट बघून आलेले लोक असीरगडच्या शेतांत रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांच्या मोहरा उकरायला उतरले होते. ते गाव भुसावळपासून काही फार लांब नाही. म्हणून आधी दम दिला. गडकिल्ल्यांच्या आसपास मशीन घेऊन फिरकायचं नाही. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही कुठेही सापडलं, तरी कलेक्टरला कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे आणि अजून जिवंत आहे. मग त्याच्या प्रश्नाकडे वळलो. प्रश्नच चुकीचा होता, आणि तो एकटाच हा प्रश्न विचारतो असं नाही.

मी मेलबर्नला राहतो. हिवाळा लागला आणि साप बिळात गेले, की सुट्टीच्या दिवशी गाडी काढून डनॉली, टार्नागुला, वेडरबर्न या बाजूला जातो. या भागाला इथे गोल्डन ट्रँगल म्हणतात. 'माइनर्स राइट' नावाचा परवाना थोडी फी भरून दहा वर्षांसाठी मिळतो. ज्या सरकारी जमिनीवर परवानगी आहे तिथे सापडेल ते सोनं आपलं, खड्डा मात्र बुजवायचा. १८५४ च्या युरेका उठावानंतर खाणकामगारांच्या पदरात पडलेला हा हक्क आहे.

इथली मोठी सोनं-प्रकरणं सगळ्यांना तोंडपाठ असतात. १८६९ मध्ये मोलिआगुलला 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा सोन्याचा गोळा निघाला. शुद्ध सोनंच सत्तर किलोंच्या वर, आणि होता कुठे, तर जमिनीखाली जेमतेम इंचभर. त्याला मशीन कशाला हवं? १९८० मध्ये किंगोअरला केव्हिन हिलियरला डिटेक्टरने 'हँड ऑफ फेथ' सापडला, सत्तावीस किलोंचा. एवढं धूड असलं तर कुठलंही मशीन बोंबलेल. पण त्यानंतर हीच जमीन हजारोंनी विंचरून काढली आहे. आता उरलंय ते हरभऱ्याच्या डाळीएवढं किंवा त्याहून बारीक, नाहीतर खोल. त्याचा आवाज म्हणजे हेडफोनमधल्या एकसुरी गुंजनात आलेला किंचितसा हेलकावा. त्या गुंजनाला थ्रेशोल्ड म्हणतात. गुंजनच जर खरखरत असेल तर हेलकावा कळणार कसा? गणपतीच्या मांडवात ढोल वाजत असताना फोनचा आवाज पूर्ण वाढवून पलीकडचा माणूस ऐकू येत नाही, तसंच हे.

आणि नेमकं तेच लोक करतात. महागडं मशीन घेतात, सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत फिरवतात आणि दिवसभर कुरकुर ऐकत चालतात. संध्याकाळी म्हणतात, इथे काही राहिलं नाही.

कुरकुर दोन ठिकाणांहून येते, हवेतून किंवा मातीतून. कुठून येते हे ओळखायची रीत इतकी सोपी आहे की ती न करणाऱ्याचं मला नवल वाटतं. जागेवर उभं राहा आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीपासून कमरेइतकी उचला. आवाज तसाच राहिला तर तो हवेतला. थांबला तर मातीतला.

हवेतल्या आवाजाची कारणं डोळ्यांना दिसतात. विजेच्या तारा असतात. मेंढ्यांच्या कुरणाभोवतीचं विजेचं कुंपण असतं. ते सेकंदा-दीड सेकंदाने टक्, टक् असं ठोका धरून वाजतं, एकदा ऐकलं की विसरत नाही. शेजारच्याचं मशीन असतं. आणि सर्वांत जवळचा गुन्हेगार स्वतःच्याच खिशात असतो, मोबाइल. मनगटावरचं स्मार्ट घड्याळही त्याच टोळीतलं. फोन फ्लाइट मोडवर टाकून पाठीवरच्या पिशवीत ठेवा. कॉइलची केबल दांड्याला नीट गुंडाळा. सैल लोंबकळणारी केबल हलली की खोटा सिग्नल येतो. एवढ्यानेच पुष्कळ भागतं.

मग नॉइज कॅन्सल. बटण दाबलं की मशीन आपली चुंबकीय पल्स थोडी पुढेमागे सरकवून सर्वांत शांत जागा शोधतं. तेवढा वेळ कॉइल स्थिर धरायची आणि हलायचं नाही. सोबत्याचं मशीन जवळ असेल तर ते चालू ठेवूनच हे करायचं, नाहीतर मशीनने नेमकं कशापासून दूर सरकायचं? तरी खरखर उरली तर कॉइल छोटी लावा. कॉइल ही शेवटी एक अँटेनाच आहे. तिचं क्षेत्रफळ घटलं की ती हवेतला कचराही कमी गोळा करते. डबल-डी प्रकारची कॉइल मोनो प्रकारच्या कॉइलपेक्षा शांत असते, थोडी खोली मात्र जाते. लांब कुठे वादळ चालू असेल तर दूरवरच्या विजांचाही कडकडाट कानात येतो. त्यावर इलाज नाही. सेन्सिटिव्हिटी उतरवा, नाहीतर थर्मासमधला चहा काढा.

मातीतला आवाज जास्त चिवट. इथली लाल माती लोहाने भरलेली. तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मशीनच्या पल्सने चुंबकित होतात आणि पल्स थांबल्यावर लगेच शांत होत नाहीत, रेंगाळत विझतात. सोन्याचा सिग्नलही असाच विझणारा असतो. घोटाळा होतो तो इथे. अॅडलेडच्या माइनलॅब कंपनीत ब्रूस कँडी यांनी पल्स इंडक्शनची मशीनं याच जमिनीसाठी घडवली, म्हणून ती इथे टिकली. पण मशीनला माती ओळखायला लावायचं काम आपलंच आहे. धातू नसलेल्या जागेवर कॉइल हळूहळू वर-खाली करायची, आवाज सपाट होईपर्यंत. हा ग्राउंड बॅलन्स. पांढऱ्या गारगोटीच्या खडीवरून लाल चिकणमातीत पाऊल पडलं की पुन्हा करायचा. सकाळी गाडीजवळ एकदा केला आणि दिवसभर त्यावरच चाललं, असं चालत नाही.

या सगळ्यानंतर सेन्सिटिव्हिटीची पाळी. गुंजन फाटायला लागेपर्यंत वाढवायची आणि एक-दोन घरं मागे यायचं. आकडा किती, हे विचारू नका. आज सकाळचा आकडा दुपारी त्याच जागी लागू पडेलच असं नाही.

काही जुने खोदकरी मशीन मुद्दाम तापवून, फाटक्या आवाजावर चालवतात आणि त्यातूनही बारीक सोनं काढतात, हे मी पाहिलंय. त्यांचे कान वर्षानुवर्षं त्याच मातीवर घडलेले आहेत. नवख्याने त्यांची नक्कल केली तर हॉट रॉक, म्हणजे सोन्यासारखे वाजणारे लोहाचे दगड, आणि शिकाऱ्यांचे शिशाचे छर्रे तेवढे हाती लागतील. छर्रे तसेही सगळ्यांनाच मिळतात, पिशवीभर.

दुकानदार खोली विकतो, कारण ती सेंटिमीटरमध्ये सांगता येते. शांतता डब्यावर छापता येत नाही. जाहिरातीतली खोली बहुतेक वेळा मोठ्या वस्तूची आणि सौम्य मातीतली असते. तुमचा दाणा बारीक आणि तुमची माती लाल. मोनो कॉइल, डबल-डी कॉइल, नवं मॉडेल, जुनं मॉडेल यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटं एका जागी उभे राहायला तयार नसतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

तेव्हा नव्या मशीनचे पैसे मोजण्याआधी एक करा. हातात आहे त्याच मशीनचा फोन-घड्याळाचा त्रास काढा, नॉइज कॅन्सल करा, माती जुळवा, सेन्सिटिव्हिटी दोन घरं उतरवा आणि एखाद्या भरपूर खणलेल्या जुन्या ओघळीत दिवसभर सावकाश चाला. त्यानंतरही मशीन बदलावंसं वाटलं, तर खुशाल बदला.